धुराचं सोनं आणि विजेचं बिल

कार्बन डायऑक्साइड ही राख आहे. चुलीतली राख डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही, एवढाच फरक. कोळसा, पेट्रोल, एलपीजी, लाकूड यांच्यातून जेवढी ऊर्जा काढता येण्यासारखी होती तेवढी काढून झाल्यावर जे उरतं ते हे. त्यातून आणखी काही मिळत नाही, कारण मिळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ही राख परत लाकूड करायची असेल, तर जाळताना जेवढी ऊर्जा मिळाली होती तेवढी कुठून तरी परत आणून द्यावी लागते. त्याहून कमीत काम होत नाही. हा निसर्गाचा हिशेब आहे आणि त्यात उधारी चालत नाही.

एवढं शाळेत शिकलेलो असूनही दर पंधरा दिवसांनी आपल्या फोनवर एक बातमी येऊन पडते. शास्त्रज्ञांनी प्रदूषणापासून इंधन बनवलं. आता हवेतून पेट्रोल. कृत्रिम झाड तयार, ग्लोबल वॉर्मिंगवर अखेर उपाय सापडला. सोबत हिरव्या पानातून धूर निघतानाचं एक चित्र असतं. आपण ते वाचतो, दोन ग्रुपवर फॉरवर्ड करतो, आणि बरं वाटतं. कुणीतरी हुशार माणूस कुठेतरी काहीतरी करतोय, तेव्हा आपण आपलं चालू ठेवायला हरकत नाही.

मला या बरं वाटण्याबद्दलच बोलायचं आहे. एमएस्सीनंतर तीन वर्षं मी एका प्रयोगशाळेत तांब्याच्या पत्र्यांवर कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचं काय होतं हे मोजण्याचं काम केलं. ते रसायनशास्त्र मला आजही अतिशय आवडतं. म्हणूनच त्याच्या नावावर जे विकलं जातंय ते बघून राग येतो.

तांब्यात काय आहे

आधी त्या विज्ञानाचं कौतुक करू, कारण ते खरोखर कौतुकाचं आहे.

पाण्यात थोडा बायकार्बोनेट क्षार विरघळवा. त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा. धातूचा एक पत्रा बुडवून तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. पत्र्यावर इलेक्ट्रॉन येतात, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला मिळतात आणि त्याचं दुसरं काहीतरी होतं. काय होतं ते धातूवर ठरतं. जपानमधल्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली आणि पुढच्या काही वर्षांत एकेक धातू घेऊन हे नीट मोजलं. सोनं, चांदी, जस्त यांच्यावर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. कथील, शिसं, इंडियम यांच्यावर फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचं रूप. प्लॅटिनम, निकेल, लोखंड कार्बन डायऑक्साइडकडे जवळजवळ ढुंकूनही बघत नाहीत, ते पाण्यातून हायड्रोजन काढत बसतात. आणि तांबं? तांब्यावर मिथेन मिळतो, इथिलीन मिळतं, इथेनॉल मिळतं. दोन कार्बन एकमेकांना जोडून देण्याचं काम चांगल्या प्रमाणात करणारा एकटा धातू म्हणजे तांबं.

असं का होतं? वाटेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला धातू किती घट्ट धरतो यावर सगळं आहे. एसटीचं उदाहरण घ्या. सोन्या-चांदीच्या एसटीत प्रवासी चढतो आणि पुढच्याच थांब्यावर उतरतो. प्लॅटिनमच्या एसटीत एकदा बसलेला उठतच नाही, गाडी भरून जाते आणि नवं कुणी चढू शकत नाही. तांब्याच्या एसटीत प्रवासी एवढाच वेळ बसतो की शेजाऱ्याशी ओळख व्हावी. दोन कार्बन शेजारी शेजारी बसतात, जोडले जातात आणि उतरतात ते इथिलीन होऊन. गॅस क्रोमॅटोग्राफच्या पडद्यावर इथिलीनचं शिखर पहिल्यांदा वर चढताना मी पाहिलं तेव्हा दिवसभर कुणाशी तरी त्याबद्दलच बोलत होतो. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वीज यांतून प्लॅस्टिकचा कच्चा माल! त्याचं अप्रूप मला आजही आहे.

पण तेच तांबं हट्टीही आहे. २०१२ साली स्टॅनफर्डच्या गटाने एका तांब्याच्या पत्र्यावर एकाच वेळी तयार होणारे १६ वेगवेगळे पदार्थ मोजले. संशोधकाला ही मेजवानी, कारखानदाराला डोकेदुखी. एकात एक मिसळलेले १६ पदार्थ वेगळे करायला पुन्हा ऊर्जा लागते. शिवाय पत्रा काळवंडतो, त्याचा पृष्ठभाग चालू प्रयोगातच बदलतो, क्षारात लोखंडाचा अगदी सूक्ष्म अंश असला तरी तो पत्र्यावर बसतो आणि तास-दोन तासांत इथिलीनच्या जागी हायड्रोजन निघायला लागतो. होरींच्या कामाला चार दशकं झाली. या चार दशकांत जगभरच्या हजारो लोकांनी यावर काम केलंय आणि बरीच प्रगतीही केली आहे. त्यातल्या कुणाचाही अपमान करायचा नाही. मला फक्त बिल मागायचं आहे.

बिल

हे बिल कुणीही काढू शकतं. बारावीचं रसायनशास्त्र आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

इथिलीनच्या एका रेणूसाठी १२ इलेक्ट्रॉन लागतात. आजचे चांगले सेल साधारण ३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर चालतात. समजा, एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही, सगळंच्या सगळं इथिलीन झालं, दुसरा एकही पदार्थ तयार झाला नाही. असं होत नाही, पण समजू. तरी एक टन इथिलीनला सुमारे ३४,४०० युनिट वीज लागते. ज्या घरात महिन्याला १०० युनिट वीज जळते, त्या घराची ही जवळपास २९ वर्षांची वीज.

या एक टन इथिलीनमध्ये किती कार्बन डायऑक्साइड मुरतो? सुमारे ३.१ टन. आता भारताच्या ग्रिडची वीज घ्या. आपल्याकडे सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. ३४,४०० युनिटांमागे झाला सुमारे २४ टन. म्हणजे ३ टन कार्बन डायऑक्साइड 'वापरण्यासाठी' आपण २४ टन नवा सोडला. गळक्या बादलीने घर कोरडं करायला निघालोय, आणि बादली भरायला वर नळ सोडून ठेवलाय.

तुम्ही म्हणाल, ३ व्होल्ट आजचे. उद्या संशोधन पुढे जाईल, उत्तम उत्प्रेरक सापडेल, व्होल्ट खाली येतील. येतील, जरूर येतील. पण कुठपर्यंत? इथिलीन जाळल्यावर जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या खाली कधीच नाही. ती तळाची रेषा एका टनाला सुमारे १३,२०० युनिटांवर आहे. साक्षात विश्वकर्म्याने येऊन सेल बांधून दिला, त्यात तिळभर नुकसान होऊ दिलं नाही, तरी आजच्या भारतीय ग्रिडवर तो यंत्रराज ९ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडून ३ टन वापरेल. उत्प्रेरक वाट सोपी करतो, डोंगराची उंची कमी करत नाही. हे वाक्य रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि प्रसिद्धीपत्रक लिहिताना विसरतात.

इथिलीन अवघड आहे, सोपं घेऊ, असं कुणी म्हटलं तर कार्बन मोनॉक्साइड घ्या. त्याला दोनच इलेक्ट्रॉन लागतात, चांदीवर तो बऱ्यापैकी शुद्ध मिळतो. तेच ३ व्होल्ट धरले तर टनाला सुमारे ५,७०० युनिट. वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड १.६ टन, आपल्या ग्रिडवर सुटणारा ४ टन. सोप्यातलं सोपं घेतलं तरी तोटाच.

औष्णिक केंद्राच्याच आवारात, त्याच केंद्राच्या विजेवर हे करायची कल्पना तर आणखी मजेची आहे. कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होऊन बाहेर पडतो. तेव्हा एक टन कोळशाचा धूर परत इंधन करायला जवळपास तीन टन कोळसा जाळावा लागेल, तोही बाकी काहीच वाया गेलं नाही तर. मग त्या तीन टनांच्या धुराचं काय करायचं?

'पण वीज तर हरित होणार आहे'

हा सर्वांत चांगला प्रतिवाद आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. सौर वीज स्वस्त झाली आहे, वाढते आहे, आणि एक दिवस ग्रिडमधला कोळसा कमी होईल. मग हा सगळा हिशेब बदलणार नाही का?

बदलेल. पण तोपर्यंत प्रत्येक हरित युनिट कुठे खर्च करायचं हा प्रश्न आहे, कारण ती युनिटं मोजकी आहेत. एक हरित युनिट घ्या आणि त्याला तीन नोकऱ्या देऊन पाहा.

पहिली नोकरी, इथिलीनच्या सेलमध्ये. वर धरलेल्या आदर्श स्थितीत एका युनिटमागे सुमारे ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. जुन्या पद्धतीने, नाफ्था किंवा वायूपासून, एक टन इथिलीन करताना साधारण एक ते दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो वाचला असं धरून तेही श्रेय दिलं, तरी उदार हाताने दीडशे ग्रॅम.

दुसरी नोकरी, सरळ ग्रिडवर. त्या युनिटने कोळशाचं एक युनिट बाजूला सारलं तर सुमारे ९०० ग्रॅम वाचतात.

तिसरी नोकरी, इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये. एका युनिटवर स्कूटर साधारण ३० किलोमीटर जाते. तेवढ्या अंतराला पेट्रोलची गाडी पाऊण लिटरच्या आत-बाहेर पेट्रोल पिते, आणि एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वाचले दीड किलो.

एकाच युनिटचे तीन पगार: दीडशे ग्रॅम, नऊशे ग्रॅम, दीड किलो. यातली पहिली नोकरी आत्ता द्या असा आग्रह धरणाऱ्या माणसाला हवामानाची काळजी आहे असं मी मानायला तयार नाही. त्याला दुसरी कसली तरी काळजी आहे.

'दुपारी सौर वीज जास्त होते, ती फुकट वापरू', असंही म्हटलं जातं. फुकट वीज दिवसातले पाच-सहा तास मिळते. कोट्यवधींचं संयंत्र उरलेले १८ तास बंद ठेवणारा कारखानदार मला अजून भेटलेला नाही. शिवाय हे सेल चालू-बंद, चालू-बंद केले की पत्रे आणि पडदे लवकर खराब होतात. दुपारची ती वीज बॅटरीत भरून संध्याकाळी सातला घराघरांत दिली, तर कोळशाचा भार तेव्हाच उतरतो.

आइसलँडचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला ४,००० टन मेथनॉल बनवण्याच्या क्षमतेचा कारखाना उभा राहिला, कार्बन डायऑक्साइड आणि विजेने बनवलेला हायड्रोजन वापरून. छान आहे. पण आइसलँडची जवळजवळ सगळी वीज जलविद्युत आणि भूगर्भातल्या उष्णतेची आहे. त्यांच्याकडे बाजूला सारायला कोळसाच नव्हता. आपण आधी आइसलँड होऊ, मग त्यांचा कारखाना आणू. उलटा क्रम चालणार नाही.

'हवेतला' म्हणजे सिलिंडरमधला

बातमीत 'हवेतला कार्बन डायऑक्साइड' असं लिहिलेलं असतं. आमच्या प्रयोगशाळेत तो सिलिंडरमधून यायचा. जवळजवळ शुद्ध. जगातल्या बहुतेक प्रयोगांत तो तसाच येतो. हवेत दर दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे चारच्या आसपास रेणू आहेत. ते वेचून शुद्ध करणं हे स्वतंत्र, खर्चिक, ऊर्जा खाणारं काम आहे. कोळशाच्या चिमणीत तो बराच जास्त, शंभरात बारा-पंधरा असतो, पण सोबत सल्फरची आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, ऑक्सिजन आणि राख. ही मंडळी तांब्याचा पत्रा बघता बघता निकामी करतात. वर काढलेल्या बिलात हा शुद्धीकरणाचा खर्च मी धरलेलाच नाही.

आणि शुद्ध वायू दिला तरी तो सगळा कामी येत नाही. इथिलीन बनताना पत्र्याजवळ अल्क तयार होतं आणि ते येणारा कार्बन डायऑक्साइड गिळून त्याचा कार्बोनेट करतं. साध्या मांडणीत आठ रेणू आत सोडले तर दोन इथिलीनमध्ये जातात, सहा कार्बोनेट होतात. तो कार्बोनेट क्षार होऊन बारीक छिद्रांत साठतो आणि सेल तुंबतो. आम्लात काम करून हे टाळता येतं, पण आम्लात हायड्रोजन डोकं वर काढतो. यावर जगभर हुशार लोक झटत आहेत. ही खरी, गंभीर, सुंदर समस्या आहे. पण बातमीत तिला जागा नसते.

आमच्याच इमारतीतल्या एका गटाचा चांगला शोधनिबंध आला होता. पत्रा एक चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. प्रयोग चालला काही तास. निबंधात हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकात त्याचं 'कारखान्यांच्या धुरापासून स्वच्छ इंधन' झालं, आणि वर्तमानपत्रात येईतो 'प्रदूषणाची समस्या सुटणार'. ज्या मुलीने रात्री जागून ते काम केलं होतं ती कपाळाला हात लावून बसली. तिला गावाहून फोन आला होता: पेट्रोल कधी स्वस्त होणार?

वापरला म्हणजे पुरला नाही

आणखी एक गफलत या सगळ्यात बेमालूम मिसळलेली असते. कार्बन डायऑक्साइड 'वापरला' म्हणजे तो संपला, असं समजलं जातं.

कार्बन डायऑक्साइड प्रचंड प्रमाणात वापरणारा उद्योग आपल्याकडे आधीपासूनच आहे, युरियाचा. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे, त्याच्या युरियाची पोती आपल्या गावांत जातात. एक टन युरियात सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड मुरवलेला असतो. तो युरिया शेतात पडला की काही दिवसांतच त्याचं विघटन होतं आणि तोच कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. मेथनॉल, इथेनॉल, कृत्रिम पेट्रोल यांचंही तेच. गाडीत जळलं की धुराड्यातून बाहेर. आठवड्याभराचा मुक्काम झाला, कायमचा बंदोबस्त नाही.

राहिलं प्लॅस्टिक. त्यात कार्बन काही वर्षं अडकतो. पण आकार पाहा. जगात वर्षाला १५ कोटी टनांहून अधिक इथिलीन बनतं. त्यातलं १५ कोटी टन या पद्धतीने केलं, तर त्यात मुरेल सुमारे ४७ कोटी टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा, तेल आणि वायूमुळे जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतं. शंभरातला जेमतेम सव्वा. त्यासाठी लागणारी वीज मात्र भारतात वर्षभरात तयार होते त्याच्या जवळपास तिप्पट. जगातला सर्वांत मोठा सेंद्रिय रासायनिक उद्योग पणाला लावून हाती एवढंच लागतं.

वीस सेकंद

मग या बातम्यांचा फायदा कुणाला होतो? संशोधकांना होतो असं वाटतं, पण तो तात्पुरता. खरा फायदा चिमणीला होतो.

मध्य प्रदेशातलं विंध्याचल औष्णिक केंद्र ४,७६० मेगावॉटचं आहे, देशातलं सर्वांत मोठं. तिथे २०२२ साली दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारं संयंत्र बसवलं गेलं, पुढे त्यापासून मेथनॉल बनवण्यासाठी. अभियंत्यांचं काम चांगलं आहे, प्रायोगिक संयंत्र लहानच असतं, त्यात कमीपणा नाही. पण एवढं मोठं केंद्र साधारण सेकंदाला एक टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. २० टन म्हणजे वीस सेकंदांचा धूर. दिवसाचे उरलेले २३ तास, ५९ मिनिटं आणि ४० सेकंद कुणाच्या खात्यावर मांडायचे? फोटो मात्र त्या वीस सेकंदांचेच निघतात.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकायचं तंत्र जुनं, पक्कं, जगभर वापरात असलेलं आहे. त्याला नोबेलची गरज नाही, चुन्याचा दगड लागतो. आपल्या सरकारने २०१५ साली त्याच्या मर्यादा ठरवल्या, दोन वर्षांची मुदत दिली, मग मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य औष्णिक केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली. जे तंत्र आज हातात आहे ते महाग म्हणून नको, आणि जे तंत्र अजून नखाएवढ्या पत्र्यावर आहे त्याचे ढोल मात्र जोरात. असं का, याचं उत्तर मला एकच दिसतं. हातातलं तंत्र वापरायचं म्हटलं तर पैसे आज द्यावे लागतात. उद्याच्या तंत्राची बातमी देताना काहीच द्यावं लागत नाही.

चंद्रपूरच्या केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा. २,९२० मेगावॉट. छपरावर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची पूड बसते. त्यांना कुणी 'या धुराचं आम्ही इथेनॉल करू' असं सांगितलं, तर त्यांनी ते ऐकून घेऊन आणखी वीस वर्षं खोकत बसायचं का?

मग हे संशोधन बंद करायचं?

अजिबात नाही. उलट मला वाटतं, त्याला पैसे जास्त काळ आणि जास्त निवांतपणे मिळायला हवेत.

कोळसा आणि तेल कधीतरी थांबवायचंच आहे. वीज सूर्याकडून घेता येईल, पण औषधं, रंग, दोरखंड, सलाइनच्या पिशव्या, टायर यांना कार्बनच लागतो. तेलाची विहीर बंद झाल्यावर तो कार्बन कुठून आणायचा, या प्रश्नाच्या उत्तरात हे तांबं, ही चांदी, हे कथील नक्की असेल. तो प्रश्न वीस-तीस वर्षांनंतरचा आहे आणि त्याची तयारी आज करायला हवी. जर्मनीत मार्ल इथे सीमेन्स आणि एवोनिक यांनी २०२० साली एक प्रायोगिक संयंत्र उभं केलं. चांदीच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइड बनवायचा आणि तो जीवाणूंना खाऊ घालून ब्युटेनॉल, हेक्सेनॉल अशी महागडी रसायनं काढायची. लक्ष्य छोटं, नेमकं आणि हिशेबात बसणारं.

महाराष्ट्रात असं करायचं असेल तर जागाही समोर आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळी आणि उसाचा रस आंबवताना एक टन इथेनॉलमागे जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तो जवळजवळ शुद्ध असतो आणि उसाने तो वर्षभरापूर्वीच हवेतून घेतलेला असतो. थोडा शीतपेयांसाठी बाटलीबंद होतो, बराचसा तसाच सुटतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, पवईच्या आयआयटीतलं कार्बन पकडण्या-वापरण्यावरचं राष्ट्रीय केंद्र, ही सगळी मंडळी कोल्हापूर-सांगलीपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. तिथे सेल लावा, हंगामभर चालवा, काय बिघडतं ते मोजा. कोळशाच्या चिमणीला लटकू नका.

कारण खोट्या आश्वासनाची किंमत शेवटी विज्ञानच मोजतं. पाच वर्षांत हवामान वाचवतो म्हणून पैसे घेतले, तर सहाव्या वर्षी कुणीतरी विचारतो, वाचलं का? आणि मग निधी बंद होतो, गट मोडतात, पीएचडी अर्धवट टाकून पोरं कोचिंग क्लासला शिकवायला लागतात. माझ्यासोबतचे दोघे आज तेच करतात. त्यांचं काम वाईट नव्हतं. त्या कामाला जे म्हणून विकलं होतं ते चूक होतं.

माझी मागणी छोटी आहे. कार्बन डायऑक्साइडपासून अमुक बनवलं, अशी बातमी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रसिद्धीपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी छापाव्यात. एक किलो माल बनवायला किती युनिट वीज लागली. ती वीज कसली होती. कार्बन डायऑक्साइड हवेतला होता, चिमणीतला होता की सिलिंडरमधला. आणि सेल किती तास चालला. किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर याहून जास्त माहिती सापडते.

तुमच्यासाठीही एक काम आहे. पुढची बातमी फोनवर येईल तेव्हा ती पाठवणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा. उत्तरं नसतील तर फॉरवर्ड करू नका. उत्तरं असतील आणि ती चांगली असतील, तर मला जरूर पाठवा. मी तीन वर्षं त्या पत्र्यासमोर बसलोय, अशी बातमी खरी ठरली तर तुमच्या आधी मला आनंद होईल.